पेयात गुंगीचं औषध: ओळखायचं कसं, पहिल्या तासात काय करायचं, नमुने कसे जपायचे

निळी_शाई

३१ डिसेंबर जवळ आला की तोच फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागतो. ग्लासातला बर्फ तळाला गेला, पेय निळसर झालं, फेस जास्त आला, तर समजा काहीतरी घातलंय. यावर विसंबू नका. बर्फ बुडतो तो द्रव त्याच्याहून हलका असेल तेव्हा, म्हणजे पाणी-सोडा न घातलेल्या अति कडक दारूत. निळ्या रंगाची गोष्ट अर्धीच खरी आहे. फ्लुनिट्राझेपाम, म्हणजे रोहिप्नॉल ही झोपेची गोळी, बनवणाऱ्या रोश कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोळी बदलली. ती सावकाश विरघळते आणि फिक्या पेयाला निळा रंग देते. इतरांनी बनवलेल्या गोळीत तो रंग असेलच असं नाही, आणि कोलासारख्या गडद पेयात तो नीट दिसतही नाही.

शिवाय आपल्याकडच्या प्रकरणांत परदेशी नावांपेक्षा घरच्या औषधांच्या डब्यातल्या गोळ्यांचा विचार आधी करावा लागतो. झोपेच्या, घबराटीवरच्या, बेन्झोडायझेपिन कुळातल्या: अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम. रेल्वेत चहा-बिस्किटातून प्रवाशांना गुंगी देऊन लुटतात त्यातही बहुतेकदा हेच कूळ असतं. त्याखेरीज केटामाइन (भुलीचं औषध), जीएचबी (पेयात मिसळून जाणारं गुंगीचं द्रव्य), खेड्यापाड्यांत धोतरा, रंगपंचमीला भांग. आणि सगळ्यांत जास्त वेळा, ज्याला कुणी औषध समजतच नाही ती दारूच. सांगितल्यापेक्षा जास्त घातलेली.

म्हणून ग्लास नव्हे, माणूस बघा. मुख्य खूण एकच: जेवढं प्यायलं त्याच्याशी न जुळणारी अवस्था. त्यासाठी 'जेवढं' म्हणजे किती याचा अंदाज हवा. भारतीय व्हिस्की-रम ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ३० मिलीच्या एका छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. शरीर तासाला जवळपास तेवढंच निकालात काढतं. आता कुणी दोन तासांत एक-दोन छोटे पेग घेतले, पोटात जेवण आहे, आणि तरी पंधरा-वीस मिनिटांत जीभ अडखळते, मान टाकली जाते, पाय साथ देत नाहीत, तर ते दोन पेगांचं काम नाही. नुसतं लिंबू-सरबत घेतलेल्या माणसाचं असं झालं तर वादच नाही. बहुतेक गुंगीची औषधं पोटात गेल्यावर १५ ते ३० मिनिटांत परिणाम दाखवू लागतात, आणि दारू सोबत असेल तर तो परिणाम नुसता वाढत नाही, श्वासावर येतो.

दुसरी खूण मागाहून कळते: आठवणीतली सलग पोकळी. बेन्झोडायझेपिनांमुळे नवीन आठवण साठतच नाही, पण त्या वेळात माणूस चालतो, बोलतो, लिफ्टचं बटण दाबतो, रिक्षावाल्याला पत्ताही सांगतो. त्यामुळे 'कॅमेऱ्यात तर ती नीट चालताना दिसतेय' हा युक्तिवाद वैद्यकीयदृष्ट्या पोकळ आहे. सोबतच्यांनीही त्यावर फसू नये. डोळे उघडे आहेत म्हणजे माणूस भानावर आहे असं नव्हे. तेच वाक्य पुन्हापुन्हा विचारतोय का, पाच मिनिटांपूर्वी सांगितलेलं आठवतंय का, एवढं तपासा.

काउंटरमागे

दारूच जास्त घालतात हा मुद्दा लोक वाचून सोडून देतील, म्हणून बारच्या बाजूने आकडे देतो.

स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते. ६५० मिलीच्या एका बाटलीत साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे चार छोटे पेग. 'मी फक्त बिअर घेतली' यात काही अर्थ नाही. लाँग आयलंड आइस टी या नावात चहा असला तरी त्यात व्होडका, जिन, व्हाइट रम, टकिला, वर ट्रिपल सेक. प्रत्येकी १५ मिली धरलं तरी ग्लासात अडीच पेगांच्या आसपास, आणि कोला व लिंबामुळे ते जाणवत नाही. घरगुती पार्टीत तर मापच नसतं. कुणीतरी 'मी बनवतो' म्हणतो आणि अंदाजाने ओततो. त्यात एखाद्याने मुद्दाम दुसऱ्याच्या ग्लासात दुप्पट ओतलं तर ते 'जरा कडक झालं' नव्हे. ते पेयात भेसळ करणंच आहे.

हाताळण्याचं म्हणाल तर:

टेबलावर बंद बाटली मागवा आणि झाकण समोर उघडायला सांगा. वेटर काउंटरवरच उघडून आणत असेल तर परत पाठवा, चांगल्या ठिकाणी कुणी वाईट वाटून घेत नाही. कॅन घेतलात तर त्यातूनच प्या. ग्लासापेक्षा त्याचं तोंड लहान, अंगठ्याने झाकता येतं. पिचर, पंचबोल, एकाच ग्लासातून चौघांनी पिणं हे टाळा, त्यात कुणी काय घातलं याचा माग उरत नाही.

नाचायला जाताना टेबलावर ग्लास सोडला, परत आलात: तो संपला. किंमत चारशे असो की आठशे, नवा घ्या. 'मी लक्ष ठेवतो' म्हणणाऱ्या नव्या ओळखीच्या माणसावर ग्लास सोपवून वॉशरूमला जाऊ नका. जुन्या ओळखीबद्दल निळी शाई लिहितीलच.

नेहमी विसरलं जातं ते हे: पाणी, कोल्ड्रिंक, मॉकटेल, हुक्का, सूप. 'मी पीत नाही' म्हणणारे सगळ्यांत बेसावध असतात. शिवाय त्यांच्या अवस्थेवर कुणी विश्वास ठेवत नाही, चोरून प्यायले असतील असंच धरतात.

आणि बारवाल्यांसाठी. अर्धशुद्धीतल्या मुलीला आधार देत कुणी बाहेर नेत असेल तर बाउन्सरने दोन प्रश्न विचारायचे. त्याला: हिचं पूर्ण नाव काय, राहते कुठे? तिला: हा कोण? उत्तर जुळत नसेल तर दार बंद, आणि ११२. भांडण होईल, होऊ द्या. सोबत आलेल्या मैत्रिणी आत असतील तर त्यांना आधी बोलवा.

चकवा

ऑनलाइन पट्ट्या मिळतात ना, पेयाचा थेंब टाकला की रंग बदलतो. नेलपॉलिशही निघालं होतं. ते सांगा की, एवढं सगळं कशाला?

निळी_शाई

ते नेलपॉलिश २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यार्थ्यांनी जाहीर केलं, जगभर बातम्या आल्या, पण ते कधी दुकानात आलं नाही. त्याच कंपनीने पुढे वेगळी, नाण्याएवढी चकती काढली.

पट्ट्यांची अडचण अशी. प्रत्येक पट्टी ठरावीक एक-दोन औषधांसाठीच असते, बरेचदा जीएचबी आणि केटामाइन. गोळ्यांच्या बाकी कुळाबद्दल ती गप्प बसते. दुधाचं, आंबट किंवा गडद रंगाचं पेय असेल तर रंग वाचता येत नाही. आणि जास्तीची दारू कोणतीच पट्टी दाखवत नाही. रंग बदलला तर पेय फेकाच. पण बदलला नाही म्हणून 'सुरक्षित' असा निष्कर्ष काढला, तर पट्टी नसती तर बरं झालं असतं.

दारूचा मुद्दा किती मोठा आहे त्यासाठी एक जुनं पण भक्कम काम आहे. इंग्लंडच्या फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिसने २००० ते २००२ या काळातली, औषध देऊन अत्याचार झाल्याच्या संशयाची १,०१४ प्रकरणं तपासली. ४६ टक्क्यांत अल्कोहोल सापडलं. कुणीतरी मुद्दाम गुंगीचं औषध दिलं असं म्हणता येण्याजोगी फक्त २१, म्हणजे दोन टक्के. याचा अर्थ उरलेल्या बायका खोटं बोलत होत्या असा लावणारे भेटतील. तसा नाही. बऱ्याच जणींचे नमुने उशिरा घेतले गेले होते, आणि दारूने बेशुद्ध झालेल्या बाईवरचा अत्याचार हाही अत्याचारच.

हळदकुंकू

वसतिगृहासाठी सूचनाफलक करायचा आहे. मैत्रीण अशी दिसली तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं तेवढं क्रमाने द्याल का? मुली लिंबूपाणी पाजतात, डोक्यावर पाणी ओततात, उलटी करायला लावतात.

निळी_शाई

तिन्ही गोष्टी बंद करायला सांगा. अर्धवट शुद्धीत गिळण्याची क्रिया मंद असते, पाजलेलं लिंबूपाणी किंवा कॉफी श्वासनलिकेत जाते. मुद्दाम काढलेली उलटीही तशीच. थंड पाण्याने शुद्ध येत नाही, अंग गार पडतं आणि बाथरूममध्ये पडून डोकं फुटतं. ताक, तूप, मीठ-पाणी, काही नाही.

क्रम असा लिहा.

हाक मारा, खांदा हलवा, तरी डोळे उघडत नसतील तर खांद्यावरचा स्नायू चिमटीत धरून दाबा. प्रतिसाद नाही तर १०८ किंवा ११२ लगेच, फोन स्पीकरवर ठेवा.

श्वास मोजा. छाती वर आली की एक, पूर्ण एक मिनिट. मिनिटाला १२ च्या खाली असेल, घोरण्यासारखा अडकत असेल, मध्येच थांबत असेल, ओठ-नखं निळसर असतील, तर ही आणीबाणी आहे. ओला-उबर बोलावत बसू नका. श्वास थांबला तर छातीदाब सुरू: छातीच्या मध्यावर, ५ ते ६ सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२०.

श्वास चालू आहे पण शुद्ध नाही: कुशीवर वळवा. वरचा गुडघा वाकवून जमिनीला टेकवा, वरचा हात गालाखाली, हनुवटी किंचित वर, तोंड खालच्या बाजूला. उलटी झाली तर बाहेर पडेल. पाठीवर झोपवून सगळे निघून गेले, ही सर्वांत जास्त जीव घेणारी चूक. 'झोपू दे, सकाळी उतरेल' हे वाक्य फलकावर लाल अक्षरात खोडून दाखवा. पोटातली मात्रा अजून रक्तात उतरत असते, त्यामुळे झोपल्यानंतरच्या तासात अवस्था आणखी बिघडू शकते.

एकीने सतत जवळ बसायचं. दुसरीने फोनमध्ये वेळा लिहायच्या: काय प्यायली, किती, कधी, पहिली खूण कधी, शुद्ध कधी गेली. ही चिठ्ठी डॉक्टरला दहा तपासण्यांपेक्षा उपयोगी पडते.

आणि हेही लक्षात ठेवा की गुंगीसारखं दिसणारं सगळं औषध नसतं. मधुमेहाच्या मुलीची साखर उतरली तर ती अशीच बरळते, डोक्याला मार लागला तरी. कॅज्युअल्टीत बोटाला टोचून साखर बघणं हे पहिलं काम असतं. तुम्ही फक्त 'ही इन्सुलिन घेते', 'ही जिन्यात पडली' हे सांगायला विसरू नका. आणखी एक: दुसऱ्या दिवशी धूसर दिसणं, डोळ्यांपुढे पांढरं धुकं, पोटात कळ, जोरजोरात श्वास, ही मिथेनॉलची, म्हणजे विषारी दारूतल्या घातक अल्कोहोलची लक्षणं. मुंबईतल्या मालवणीत २०१५ साली शंभराहून अधिक माणसं त्याने गेली, लाओसमधल्या वांग विएंगमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्यटक गेले. ती गोष्ट वेगळी, पण दवाखाना तितक्याच घाईचा.

उंबरठा

नमुन्यांबद्दल लिहा, शाई. आमच्याकडे खटले तिथेच ढासळतात.

निळी_शाई

लिहिते. धाग्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं हेच.

घड्याळ ग्लासापासून सुरू होतं, तक्रारीपासून नाही. जीएचबी रक्तातून साधारण ५ ते ८ तासांत आणि लघवीतून १२ तासांच्या आसपास नाहीसं होतं. ते शरीरात मुळातही अत्यल्प असतं, म्हणून प्रयोगशाळा ठरावीक पातळीच्या वर गेलं तरच दिलेलं मानते. बेन्झोडायझेपिनांचे अवशेष लघवीत काही दिवस सापडू शकतात. म्हणून नियम सोपा: रक्त पहिल्या एक-दोन दिवसांत, जितकं लवकर तितकं बरं. लघवी पाच दिवसांपर्यंत. 'आता तीन दिवस झाले, काय उपयोग' असं कुणी कॅज्युअल्टीत म्हणालं तर ऐकू नका, लघवी घ्यायला सांगा.

पहिली लघवी सर्वांत मोलाची, आणि तीच घरी, हॉटेलात, प्रवासात वाया जाते. दवाखान्यात पोहोचायला वेळ लागणार असेल आणि रोखून धरणं शक्य नसेल तर स्वच्छ, कोरड्या, झाकणाच्या बाटलीत घ्या. धुतलेली पाण्याची बाटलीही चालेल, मात्र साबण राहिलेला नको. साधारण अर्धा कप, म्हणजे १०० मिली हवी, कमी झाली तरी ठेवा. पुसलेला कागद फेकू नका, तोही कागदी पाकिटात ठेवा. बाटलीवर तारीख, वेळ, नाव, आणि फ्रीजमध्ये. उलटी झाली असेल तर थोडी वेगळ्या डबीत. उरलेलं पेय असेल तर बाटली बंद करून उभी ठेवा, चाखून बघू नका.

अंघोळ, दात घासणं, कपडे धुणं थांबवा. कपडे कागदी पिशवीत, प्रत्येक वेगळ्या. प्लास्टिकमध्ये ओल राहून बुरशी धरते आणि पुरावा सडतो. वर्तमानपत्राची पिशवी नको, शाई लागते, कोरी खाकी पिशवी घ्या. पण एखादीने अंघोळ केली असेल तर तिला तिथून परत पाठवणं हा गुन्ह्यासारखाच मूर्खपणा आहे, तपासणी तरीही होते.

दवाखान्यात विचारण्याजोग्या तीन गोष्टी. रक्त सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेटच्या, राखाडी बुचाच्या नळीत घेतलंय ना? साध्या नळीत ठेवलेल्या रक्तात जिवाणूंमुळे अल्कोहोल नव्याने तयार होऊ शकतं. त्वचा पुसायला स्पिरिट वापरलं नाही ना? आणि झटके किंवा बेचैनी शांत करायला मिडाझोलाम, लोराझेपाम द्यावं लागलं, तर नमुने आधी घेतले का? नसतील तर औषधाची वेळ केसपेपरवर लिहिली का? एरवी अहवालात दवाखान्यानेच दिलेलं औषध दिसतं आणि बचावपक्षाच्या हातात आयतं कोलीत मिळतं.

गल्लीतल्या लॅबमधला 'ड्रग पॅनेल' करून निर्धास्त होऊ नका. तो झटपट चाचणीचा संच असतो. लोराझेपाम आणि क्लोनाझेपाम त्यातून अनेकदा निसटतात. जीएचबी आणि झोल्पिडेम ही झोपेची गोळी त्यात नसतात, केटामाइनही बहुतेकदा नाही. खात्रीसाठी गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. शिवाय तो कागद न्यायालयात टिकायला मोहोर आणि ताब्याची साखळी (नमुना कधी कुणाच्या हातात होता याची नोंद) हवी, ती खासगी लॅबला नसते.

सगळं हुकलं तर डोक्याचे केस. ते महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणून घटनेनंतर चार-एक आठवड्यांनी मुळापासून घेतलेल्या बटेत औषधाची खूण मिळू शकते. तोवर कापू नका, रंगवू नका.

उंबरठा

आता कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांप्रमाणे.

भारतीय न्याय संहितेचं कलम १२३, जुनं भादंवि ३२८: इजा करण्याच्या किंवा कुठलाही गुन्हा करण्याच्या वा सोपा करण्याच्या हेतूने विष, गुंगीचं, मादक किंवा अपायकारक द्रव्य देणं. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, दखलपात्र, अजामीनपात्र. इथे लोक अडकतात: पुढे बलात्कार किंवा चोरी झाली नाही तरी हेतूने दिलं एवढ्यावर गुन्हा पूर्ण होतो. मैत्रिणींनी वेळेत ओढून नेली म्हणून 'काही झालंच नाही' असं नाही.

त्याच संहितेच्या कलम ६३ मध्ये, म्हणजे बलात्काराच्या व्याख्येत, नशेमुळे किंवा दिलेल्या गुंगीच्या द्रव्यामुळे जी बाई संमतीचं स्वरूप आणि परिणाम समजू शकत नव्हती, तिची संमती संमती नाही. दारू तिने स्वतः घेतली की कुणी पाजली याने ते बदलत नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षांची अट आहे, परवान्याची भानगड आहे, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुली या भीतीने गप्प बसतात. वय किंवा परवाना नव्हता म्हणून तक्रार नाकारता येत नाही.

एफआयआर कुठल्याही ठाण्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये शून्य एफआयआर लिहूनच ठेवली आहे. गोव्यात घडलं आणि पुण्यात परतलात तर पुण्यात द्या. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही माहिती देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची. लैंगिक गुन्ह्याची माहिती महिला अधिकाऱ्याने नोंदवायची. प्रत विनामूल्य. नाकारलं तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी.

दवाखाना आधी की ठाणं आधी? दवाखाना. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेला मोफत उपचार द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं. उपचार नाकारले तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली वर्षापर्यंत कैद. 'आधी एफआयआर आणा' हे उत्तर बेकायदा आहे. पोलिसांना कळवलं म्हणजे तक्रार केलीच असं नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती तपासणी करून घेऊन पोलिसी कारवाईला नकार देऊ शकते, तो नकार लिहून घ्यायचा असतो. वय १८ च्या आत असेल तर पॉक्सोमुळे कळवणं सक्तीचं. दोन बोटांची चाचणी कुणी करू लागलं तर थांबवा, सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला गैरवर्तन म्हटलं आहे.

आपल्याकडचा कच्चा दुवा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. नमुने मोहोरबंद होऊन कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत किंवा पुणे, नागपूर, नाशिकसारख्या प्रादेशिक शाखांत जातात. सोबतच्या पत्रात तपास अधिकाऱ्याने नुसतं 'अल्कोहोलसाठी तपासणी' लिहिलं तर अल्कोहोलच तपासलं जातं. म्हणून फिर्यादीत आणि केसपेपरवर 'गुंगीच्या औषधाचा संशय' हे शब्द यायलाच हवेत, लक्षणांच्या वेळांसकट.

आणि कॅमेरे. डीव्हीआर भरला की जुनं आपोआप पुसलं जातं, अनेक ठिकाणी १५ ते ३० दिवसांत. पहिल्याच दिवशी बारला आणि सोसायटीला लेखी कळवा की चित्रण जपा, पोच घ्या, आणि पोलिसांना नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ ची नोटीस काढायला सांगा. मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग पुरावा म्हणून लंगडं पडतं. मूळ फाइल आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र हवं. बिलं, यूपीआयच्या नोंदी, कॅबची पावती ठेवा, वेळा जुळवायला त्याच लागतात.

निळी_शाई

यात जोड: अत्याचाराची शक्यता असेल तर गर्भनिरोधाची लिव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिग्रॅ गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी परिणामकारक. एचआयव्ही प्रतिबंधक औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू करायची, पुढे २८ दिवस, सरकारी एआरटी केंद्रात मोफत. आठवत नाही म्हणजे झालं नाही असं गृहीत धरून ही मुदत घालवू नका. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेलं दिलासा केंद्र आणि त्याच धर्तीवरची इतर रुग्णालयांतली केंद्रं समुपदेशनासाठी आहेत.

लेस्टरकर

इकडे शिकायला आलेल्यांसाठी. ब्रिटनमध्ये शुद्ध जात असेल तर ९९९, नाहीतर १०१ वर पोलिसांना कळवा, ते लघवीचा नमुना घेऊ शकतात. लैंगिक अत्याचारासाठी वेगळी केंद्रं आहेत, सार्क म्हणतात. तिथे पोलिसांत न जाताही तपासणी होते आणि नमुने राखून ठेवता येतात, व्हिसा मध्ये येत नाही. २००३ च्या लैंगिक गुन्हे कायद्याच्या कलम ६१ खाली अशा हेतूने द्रव्य देण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बारमध्ये जाऊन 'अँजेला आहे का' विचारलं तर ती मदतीची खूण समजतात, लिंकनशायरमध्ये २०१६ ला सुरू झालेली पद्धत. पण सगळ्या पबांतल्या पोरांना ती माहीत असतेच असं नाही. समजलं नाही तर सरळ सांगा, मला या माणसाची भीती वाटते.

२०२१ च्या हिवाळ्यापूर्वी इथे सुई टोचल्याच्या तक्रारींची लाट आली होती. तपासणीत औषध सापडल्याची प्रकरणं फारच थोडी. तरी टोचल्याची खूण असेल तर हेपॅटायटिस बी आणि एचआयव्हीसाठी डॉक्टरला दाखवा.

चकवा

पट्ट्यांचं पटलं. धोतरा आणि भांगेचं वर नुसतं नाव घेतलंत. खेड्यात ते कसं ओळखायचं? गुंगी तर येतच असेल.

निळी_शाई

उलट आहे. गोळ्यांनी माणूस ढिला पडतो, धोतऱ्याने तो पेटतो. तोंडाला कोरड, चेहरा लाल, अंग तापलेलं पण घाम नाही, बाहुल्या विस्फारलेल्या, नाडी जलद, लघवी तुंबते. हवेत काहीतरी पकडल्यासारखे हात, कपडे चिमटणं, नसलेल्या माणसांशी बोलणं. ॲट्रोपीन आणि स्कोपोलामीनचं काम. बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात, उलटीत सापडल्या तर जपून ठेवा. बरेच जण याला 'लागण' समजून देवऋषीकडे नेतात आणि सहा तास घालवतात. ताप आणि झटक्यांनी माणूस दगावू शकतो.

भांगेत डोळे लाल, छातीत धडधड, प्रचंड भीती, वेळ थांबल्यासारखं वाटणं. खाल्लेली भांग चढायला तास-दोन तास घेते. अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून लोक थंडाईचा दुसरा ग्लास घेतात. 'गंमत' म्हणून न सांगता पाजणाऱ्यांना उंबरठांनी वर सांगितलेलं कलम वाचून दाखवा.

हळदकुंकू

अनोळखी माणसाकडून काही घेऊ नका, हे फलकाचं पहिलं वाक्य ठेवू ना?

निळी_शाई

रेल्वेच्या फलकावर ठेवा, आणि खाली १३९ लिहा. डब्यात गुंगी दिल्याचा संशय आला की त्याच नंबरवर आरपीएफ आणि वैद्यकीय मदत दोन्ही मिळतात.

वसतिगृहाच्या फलकावर ते पहिलं नको. फ्रान्समधल्या आविन्यॉं न्यायालयात डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागलेला पेलिको खटला बघा. नवराच जवळपास दहा वर्षं जेवणात-पेयात लोराझेपाम घालत होता, एकावन्न आरोपी, त्याला वीस वर्षं. त्या काळात जिझेल पेलिको विसरभोळेपणासाठी डॉक्टरांकडे जात होत्या, त्यांना मेंदूच्या आजाराची भीती वाटत होती. विषचाचणी करावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ओळखीचा सीनियर, सहकारी, प्रियकर, फ्लॅटमेट, यांच्याच हातून ग्लास येतो. आठवणीतल्या पोकळ्या ठरावीक माणसाच्या घरी किंवा ठरावीक जेवणानंतरच पडत असतील तर डॉक्टरला ते नातं सांगा आणि पुढच्या वेळी बारा तासांच्या आत लघवी द्या.

मुलग्यांच्या वसतिगृहातही फलक लावा. लुटण्यासाठी, व्हिडिओ काढून पैसे उकळण्यासाठी मुलांनाही देतात. कलम १२३ ला लिंग नाही.

हळदकुंकू

शेवटचं. मुलीने बाटलीत लघवी घेऊन आमच्या फ्रीजमध्ये ठेवली तर रेक्टरने ती पोलिसांना द्यायची की डॉक्टरला? नंतर 'कुणीही बदलली असेल' म्हणतील ना?

उंबरठा

म्हणतीलच. म्हणून झाकणावरून कागदी पट्टी चिकटवा, तिच्यावर मुलीची आणि एका साक्षीदाराची आडवी सही, वेळ, आणि त्याच अवस्थेतला फोटो. फ्रीज कुणी उघडू नये म्हणून शक्यतो कुलुपाच्या खोलीतला वापरा. बाटली मुलीबरोबर दवाखान्यात जाऊ दे. डॉक्टर केसपेपरवर नोंद करून मोहोर लावतील आणि पोलिसांना पोच घेऊन देतील. रेक्टरने स्वतः ठाण्यात नेऊ नये, नाहीतर साखळीत एक हात आणि उलटतपासणीत एक साक्षीदार वाढतो. दवाखान्यात नवा नमुनाही घ्यायला लावा. दोन्ही जुळले तर घरच्या बाटलीवरचा आक्षेप बराच लंगडा होतो.